पहिली पंगत

आमच्या घराण्यात खेळाडू कुणीही नाही. आजोबा आयुष्यात एकदाच धावले, ते सुटलेल्या एसटीमागे, आणि तीही त्यांना मिळाली नाही. वडिलांनी हयातभर पत्त्यांखेरीज कशाला हात लावला नाही. माझा स्वतःचा मैदानाशी आलेला संबंध म्हणजे बी.कॉम.च्या तीन वर्षांत दर वर्षी न चुकता भरलेली जिमखाना फी. अशा या स्वच्छ परंपरेला आमच्या कन्येने बट्टा लावला. ती बास्केटबॉल खेळते.

बरं, खेळते ते तरी चारचौघींसारखं? तेही नाही. चेंडू जाळीत टाकायचा असतो एवढं मलाही ठाऊक आहे. आमची कन्या तो टाकत नाही, दुसरीला टाकू देत नाही. समोरच्या मुलीला ती अशी चिकटते, की आमच्या वसुली खात्यातला माणूस थकबाकीदाराला काय चिकटेल! ती डावीकडे गेली की ही डावीकडे, ती उजवीकडे गेली की ही उजवीकडे. ती पाणी प्यायला निघाली तर ही नळापर्यंत सोबत करील. गेल्या मोसमात हिने स्वतः एकंदर चौदा गुण केले. त्यातले दोन तर मैत्रिणीला पास देताना चेंडू चुकून आत गेला म्हणून.

तर एका सोमवारी संध्याकाळी ही कन्या घरात आली, बुटांची पिशवी तिने कोपऱ्यात भिरकावली आणि म्हणाली, "मला बसवलं."

मराठीतलं 'बसवणे' हे क्रियापद मोठं दगलबाज आहे. गणपती बसवतात तेव्हा आरती होते, मोदक होतात. घडी बसवतात, जम बसवतात, नाटक बसवतात, तिथवर सगळं मंगल आहे. पण माणसाला बसवलं म्हटलं, की घरात सुतक आल्यासारखं होतं. चौकशीअंती कळलं ते इतकंच, की कॉलेजच्या नव्या सरांनी सुरुवातीच्या पाचांत हिच्याऐवजी एका उंच, नेमबाज मुलीला घेतलं होतं आणि हिला बाकावर ठेवलं होतं. म्हणजे ही सहावी.

"अहो, तुम्ही उद्याच्या उद्या जाऊन त्या सरांशी बोला," सौभाग्यवतींनी फर्मान काढलं.

मी म्हटलं, "प्रश्न तत्त्वाचा आहे. जरा अभ्यास करून बोलतो." बँकेत वीस वर्षं काढल्यावर कुठलंही काम लगेच न करण्याचं एक शास्त्र अंगात मुरतं.

पण खरं सांगतो, अभ्यास करायचा म्हणून केला आणि त्यात पुरता अडकलो. कारण प्रश्न बास्केटबॉलचा वाटतो तेवढा बास्केटबॉलचा नाही. तो पहिल्या पंगतीचा आहे. लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसतं? व्याही, जावई, मानकरी. आणि शेवटच्या पंगतीला? ज्यांनी पहाटेपासून पाट मांडले, वाढलं, खरकटी काढली ते. जिलेबी त्यांच्यापर्यंत येईतो तिचा नुसता पाक उरलेला असतो. आता पहिल्या पंगतीचं पान हा मान आहे, की ती नुसती सोय आहे? सोय असेल तर रागावायचं काय? आणि मान असेल तर तो दुसऱ्यांचं अडवणाऱ्याला कधी मिळावा?

रोज रात्री जेवणं आटोपली की मी आणि कन्या तिच्या फोनवर अमेरिकेतले जुने सामने बघू लागलो. एरवी माझ्याशी ती दिवसाकाठी तीन वाक्यं बोलते. त्यातली दोन पैशांची असतात. आता ती मला समजावून सांगू लागली. हा खेळ पाचजणांचा. अमेरिकेतल्या मोठ्या संघांत तो 48 मिनिटं चालतो, आणि कोण किती वेळा आत आला नि किती वेळा बाहेर गेला याला काही बंधन नाही. म्हणजे क्रिकेटच्या बाराव्या गड्यासारखी गत नाही. तो बिचारा सरबत नेतो, झेल घेतो, पण त्याच्या हाती बॅट काही येत नाही. बास्केटबॉलमधला सहावा तिसऱ्या मिनिटालाही पहिला होऊ शकतो.

"मग रडायचं कशाला?" मी विचारलं.

"बाबा, सुरुवातीला माइकवरून फक्त पाचच नावं पुकारतात," ती म्हणाली.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते आलं असं वाटलं ते फिलाडेल्फियाहून. तिथल्या संघाचं नाव सेव्हन्टीसिक्सर्स. नावातच आकडा असल्याने मला तो पहिल्यापासून घरचा वाटला. या संघात बॉबी जोन्स नावाचा गडी होता. बचावात त्याचा हात धरणारे फार थोडे. बचावपटूंच्या सर्वोत्तम पाचांत त्याचं नाव वर्षानुवर्षं ठरलेलं. 1982-83 च्या मोसमात हा माणूस बाकावर बसायचा आणि त्याच्या जागी सुरुवातीला कोण? मार्क आयव्हरोनी नावाचा, त्याच वर्षी भरती झालेला नवा पोरगा! आमच्या बँकेत असं झालं असतं तर युनियनने काळ्या फिती लावल्या असत्या. पण तिथला प्रशिक्षक बिली कनिंगहॅम हा स्वतः 1967 च्या विजेत्या फिलाडेल्फिया संघात बाकावरूनच आत यायचा. त्याला बाकाची लाकडं ठाऊक होती. त्या वर्षी फिलाडेल्फियाने अंतिम फेरीत लॉस एंजेलिस लेकर्सना चार-शून्य असं धुतलं. त्याच मोसमापासून सर्वोत्तम 'सहाव्या माणसा'चं बक्षीस सुरू झालं आणि त्याचा पहिला मानकरी हाच बॉबी जोन्स. पुढे 2019 साली तो बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात गेला. 1983 ते 2019 म्हणजे छत्तीस वर्षं. पदोन्नतीची फाइल तिथेही सावकाशच फिरते तर!

मी विजयी मुद्रेने कन्येकडे पाहिलं. तिने थंडपणे दुसरा सामना लावला.

त्यात होता सॅन अँटोनियो स्पर्सचा ब्रूस बोवेन. हाही जातिवंत बचावपटू, पण हा सुरुवातीपासून खेळायचा आणि मनू जिनोबिली नावाचा अर्जेंटिनाचा कलावंत, ज्याच्या नुसत्या वळण्यावर लोक तिकीट काढून येत, तो बऱ्याचदा बाकावरून यायचा. 2008 चं सहाव्या माणसाचं बक्षीस या जिनोबिलीला मिळालं. म्हणजे इथे बरोबर उलटा व्यवहार. बचाव करणारा पहिल्या पंगतीला, जावई दुसऱ्या. आणि हा संघही 2003, 2005 आणि 2007 ला अजिंक्य. बोवेनचा हिशेब सरळ होता. समोरच्या संघाचा सर्वांत धोक्याचा माणूस पहिल्या मिनिटापासून मैदानात असतो, मग त्याचा पहारेकरी चहा पीत का बसेल? दरोडा अकराला पडणार हे ठाऊक असताना वॉचमनला साडेअकराची ड्यूटी लावण्यासारखंच ते.

मग फिलाडेल्फिया शहाणं की सॅन अँटोनियो?

ग्यानबाची मेख इथे आहे. बोवेनला आक्रमणात एकच गोष्ट येत होती. मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि तिथून लांबचा, तीन गुणांचा चेंडू टाकायचा. पण ती एक गोष्ट त्याला पक्की येत होती. 2002-03 च्या मोसमात त्याचे लांबचे तीन गुणांचे फेकेच शेकडा 44 आत गेले आणि समोर कुणीही आडवं नसताना मारायचे फुकटचे फेके शेकडा 40! असा माणूस मी आमच्या शाखेत पाहिला आहे. कोटींच्या कर्जाची कागदपत्रं बिनचूक, आणि घरच्या विजेचं बिल दर महिन्याला दंडासह. पण त्या एका गोष्टीमुळे बोवेनला मोकळं सोडायची कुणाची छाती नव्हती. ज्याला तेही येत नाही, त्याचं काय होतं?

त्याचं टोनी ॲलन होतं. मेंफिस ग्रिझलीजचा हा ॲलन 2015 मध्ये बचावाच्या सर्वोत्तम पाचांत होता. त्या वर्षी त्यांची गाठ गोल्डन स्टेट वॉरियर्सशी पडली आणि ॲलन व मंडळींनी त्यांना दोन-एक असं मागे टाकलं. 11 मे 2015 च्या चौथ्या सामन्यात वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी काय करावं? अँड्र्यू बोगट नावाचा आपला ताडमाड माणूस ॲलनवर पहारेकरी नेमला, आणि त्या पहारेकऱ्याने पहाराच दिला नाही! तो आरामात जाळीखाली जाऊन उभा राहिला. म्हणजे ॲलनला म्हणाला, 'टाक बाबा तुला हवा तेवढ्या लांबून, माझी हरकत नाही.' ॲलन टाकायचा आणि चेंडू बाहेर जायचा. बोगट रिकामा, तो बाकीच्यांना अडवायला मोकळा. मेंफिसचे चारच लढताहेत आणि समोर पाच. शेवटी मेंफिसलाच ॲलनला बाहेर घ्यावं लागलं.

वाचकहो, मला हे दृश्य बघवेना. अपमान म्हणजे शिव्या देणं असं मी समजत होतो. एखाद्या माणसाकडे पाठ करून 'हा काहीही करू दे' असं जाहीर करणं हा त्याच्यावरचा अपमान आहे. मी कन्येकडे चोरून पाहिलं. ती नखं खात होती. तिचे ते चौदा गुण मला आठवले, आणि तिलाही आठवले असणार.

"हे सर करतात ते बरोबर आहे का ग मग?" मी हळूच विचारलं.

"मला काय माहीत," असं म्हणून ती झोपायला गेली.

मी मात्र झोपलो नाही. कॉमर्सच्या माणसाला झोप न येण्याचं कारण बहुधा एकच असतं. कुठेतरी ताळा जुळत नाही. बचावाचा जमाखर्च कुठल्या वहीत लिहितात? केलेले गुण फलकावर दिसतात. न झालेले गुण कुठे दिसतात? बिल रसेल नावाचा बॉस्टनचा महापुरुष होऊन गेला. तेरा मोसमांत अकरा अजिंक्यपदं. समोरच्याने टाकलेला चेंडू हवेतच थोपवावा तो त्यानेच. आणि त्याच्या नावावर अधिकृत नोंदीत असे थोपवलेले चेंडू किती? एकही नाही! कारण थोपवलेले आणि हिसकावलेले चेंडू मोजायला तिकडे 1973-74 पासून सुरुवात झाली आणि रसेल 1969 लाच निवृत्त झाला होता. त्यापेक्षा आमच्या क्रिकेटचा गुणलेखक न्यायी. फॉरवर्ड शॉर्ट लेगला जिवावर उदार होऊन झेल घ्यायचा एकनाथ सोलकरने, पण धावफलकावर लिहायचं 'झे. सोलकर गो. बेदी'. झेल घेणाऱ्याचं नाव आधी. 27 कसोट्यांत 53 झेल, त्रेपन्नच्या त्रेपन्न वहीत आहेत.

माझी अशी वही नाही. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका पेन्शनर आजींच्या खात्यावरचा ऐंशी हजारांचा चेक घेऊन त्यांचा भाचा काउंटरवर आला. सही तंतोतंत होती. अगदी ठणठणीत, वळणदार. तेच मला खटकलं. आजींची सही गेली पाच वर्षं थरथरत होती. मी चेक पास केला नाही. भाच्याने आवाज चढवला, तक्रारवही मागवली, तीत माझ्या उद्धटपणाबद्दल अर्धं पान लिहिलं. दुसऱ्या दिवशी आजी आल्या, म्हणाल्या, "मी नाही हो दिला चेक." झालं, संपलं. ऐंशी हजार होते तिथेच राहिले. म्हणजेच काही घडलं नाही. आणि जे घडत नाही त्याचं व्हाउचर निघत नाही. त्या प्रसंगाची बँकेच्या दप्तरी आजही एकच नोंद आहे, ती तक्रारवहीतली.

त्यानंतर काही महिन्यांनी मला काउंटरवरून उठवून आतल्या टेबलावर बसवलं. (पाहा, पुन्हा तेच क्रियापद!) का, ते कुणी सांगितलं नाही. शाखेच्या वर्धापनदिनाला ठेवी आणणाऱ्यांना शाली मिळाल्या तेव्हा मी आत बसून दिवसाचा हिशेब मिटवत होतो. मॅनेजर नंतर पेढा घेऊन आले आणि म्हणाले, "तुम्ही म्हणजे शाखेचा कणा!" मी पेढा खाल्ला. कणा असतो पाठीत. फोटोत तो येत नाही.

तेव्हा त्यागाबिगाच्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत. बाकाची थोरवी बहुतेक वेळा गातात ते पहिल्या पंगतीला जेवून हात धुतलेले लोक.

तरी त्याच 2015 च्या वॉरियर्सचं उरलेलं प्रकरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्याकडे आंद्रे इग्वाडाला नावाचा नामांकित बचावपटू होता. तोवरच्या कारकिर्दीतल्या 758 सामन्यांपैकी एकाही सामन्यात तो बाकावरून आला नव्हता. स्टीव्ह कर नवे आले आणि त्यांनी त्याला समोर बसवून विचारलं, बाबा रे, तू सहावा होशील का? त्याला ते रुचलं नाही. पण झाला. त्या मोसमाच्या साखळीत तो एकाही सामन्याला पहिल्या पाचांत नव्हता. अंतिम फेरीत क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने धुमाकूळ घातला, वॉरियर्स पुन्हा दोन-एक मागे पडले. तेव्हा निक यूरेन नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या पोराने रात्री जुन्या चित्रफिती पाहून सुचवलं, की बोगटला बसवा, इग्वाडालाला सुरुवातीला घ्या. या पोराचा हुद्दा काय? स्पेशल असिस्टंट! आमच्या बँकांत ही कारकुनी वर्गातली जागा. मला भरून आलं.

कर यांनी पत्रकारांना सांगितलं की संघात बदल नाही, आणि मग बदल केला. नंतर 'खोटं बोललो' म्हणून कबूलही केलं. 11 जूनचा तो सामना. पहिली काही मिनिटं अशी की वॉरियर्स शून्य आणि क्लीव्हलँड सात. त्या वेळी त्या स्पेशल असिस्टंटच्या पोटात काय झालं असेल ते ज्याच्या कॅशमध्ये संध्याकाळी फरक आला आहे त्यालाच कळेल. पण सामना 103-82 असा जिंकला, पुढचे दोन्हीही जिंकले, चाळीस वर्षांनी अजिंक्यपद आलं आणि अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला इग्वाडाला. अकरापैकी सात मतं.

कन्येने टाळी वाजवली. मी मात्र बोगटला शोधत होतो. बरोबर एक महिन्यापूर्वी ज्याच्या करवी एका बचावपटूला बाकावर पाठवलं, तोच आता बाकावर होता. तोही बचावाचाच माणूस. त्याही वर्षी बचावाच्या दुसऱ्या सर्वोत्तम पाचांत त्याचं नाव आहे. त्या सामन्यात त्याला तीनेक मिनिटं मिळाली, पुढच्या दोन्हींत एकही नाही. इग्वाडालाची गोष्ट सगळे सांगतात. त्याच्यासाठी उठलेल्या माणसाची कोण सांगणार? एकाच सामन्यात, एकाच प्रशिक्षकाने, एका बचावपटूला सुरुवातीला घेणंही बरोबर होतं आणि दुसऱ्याला बसवणंही. मग न्याय कुठे राहिला? मला वाटतं, तो जागेत नव्हताच. तो त्या आधीच्या, समोर बसवून विचारण्यात होता. मला पुढचं टेबल नकोच होतं हो. पण कुणीतरी पाच मिनिटं बसून सांगायचं होतं.

एवढी तयारी करून मी शनिवारी सरांना भेटलो. सर तरुण होते, शिट्टी गळ्यात, घामाघूम. मी फिलाडेल्फियापासून सुरुवात करणार तोच म्हणाले, "काका, ती सुरुवातीला खेळली की पहिल्या पाच मिनिटांत दोन फाऊल करते. आपल्याकडे पाच फाऊलला बाहेर जावं लागतं. मला ती शेवटच्या पाच मिनिटांत हवी असते. तेव्हा तिच्याशिवाय माझं चालत नाही."

माझं सगळं भाषण पाण्यात गेलं. मी एवढंच विचारलं, "हे तिला सांगितलंत?"

सर क्षणभर गप्प झाले. "त्यात सांगायचं काय, काका? कळतं ना तिला."

"नाही कळत," मी म्हटलं. "कुणालाच कळत नाही." आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा जरा मोठा निघाला असावा, कारण दोन मुली चेंडू धरून बघत उभ्या राहिल्या.

काय सांगितलं, कसं सांगितलं, ते मी विचारलं नाही. पण पुढच्या सामन्याला बाकावर बसलेली कन्या नखं खात नव्हती. गुडघ्यांवर कोपरं टेकून समोरच्या संघातल्या एका काटक मुलीकडे बघत होती, चिठ्ठीवरची सही पडताळावी तशी. मी खिशातून छोटी वही काढली. ती आत आल्यावर त्या काटक मुलीने किती वेळा टाकायला हात वर केला आणि किती वेळा नुसताच खाली घेतला, ते मी रेघा मारून मोजू लागलो.

"किती झाले?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"सात."

"आपले?"

"नाही. जे झाले नाहीत ते."

"अहो, आपण जिंकतोय का हरतोय?" त्यावर मला फलक बघावा लागला. तीन गुणांनी जिंकलो.

बाहेर भेळ खाताना कन्या म्हणाली, "बाबा, पुढच्या मॅचला सर मला पहिल्या पाचात घेतो म्हणालेत. त्यांची कॅप्टन पहिल्यापासून सुटते, तिला धरायचंय."

"पहिल्या पाच मिनिटांत दोन फाऊल करू नकोस म्हणजे झालं," मी म्हटलं.

"अगदी सरांसारखं बोलतोयस," ती म्हणाली आणि माझ्या भेळेतले कैरीचे तुकडे वेचून खाऊ लागली.